गैरहजर माणसाचं पान

कड्याची वाडी, डिंभे धरणाच्या वर
३ सप्टेंबर २०२४

सुनील,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते. घ्यायचे तर घे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, वहिनीचाही लागत नाही. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही, एवढं एक बरं आहे.

परवा फोनवर तू जे बोललास ते मी आईला सांगितलेलं नाही. "ताई, आज मतदार यादीतून काढलंस, उद्या सातबाऱ्यावरून काढशील." नवरा गेल्यावर मी माहेरी आले, आईपाशी राहिले, ते रान बळकावायला, असं तुला म्हणायचं होतं. मग तसंच म्हणायचं होतंस. खाचराचे दोन तुकडे आणि वरची वरकस जमीन, जिथं तुझ्या भोसरीच्या बुटांनी चार पावलं चालवणार नाहीत. त्यासाठी मी आयुष्य घालवतेय असं वाटत असेल तर तुझ्या अकलेला काय म्हणावं!

मी काय केलं ते एकदा नीट वाच. अंगणवाडीच्या कामावर सरकारनं माझ्या गळ्यात यंदा दुसरं काम बांधलं, बीएलओचं. घरोघर जाऊन बघायचं, यादीतलं कोण आहे, कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नवं अठराचं झालं. मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं. आपल्या वाडीच्या यादीत तीनशे बारा नावं, मतं पडली एकशे अठरा. अडतीस टक्के. मला नोटीस आली आणि साहेबांनी भर मीटिंगमध्ये उभं केलं.

"मॅडम, तुमच्या वाडीची माणसं मतदानाच्या दिवशी झोपा काढतात का?"

"माणसं झोपत नाहीत साहेब. माणसं नाहीतच," मी म्हणाले.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. मे महिन्यात निम्मी वाडी नारायणगावच्या बाजूला मजुरीला असते, पालात राहते, ते तुला माहीत आहे. एका दिवसाची हजेरी बुडवून आणि एसटीचं भाडं भरून बटण दाबायला कोण येणार? पण ते तरी पावसाळ्याआधी परत येतात. बाकीचे तुझ्यासारखे, भोसरीत, चाकणला, घरं करून बसलेले. आणि मेलेले. आपले बाबा जाऊन चार वर्षं झाली, तरी यादीत होते. सावळेराम केंगले. मतदान न करणाऱ्या आळशी माणसांत साहेबांनी आपल्या बापालाही धरलं होतं.

तुला नव्याचं पान आठवतं ना? नवा भात शिजला की घरातल्या प्रत्येकाच्या नावानं पान वाढायचं. माणूस लांब असला तरी त्याचं पान मांडायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, आणि सकाळी घरातल्यानंच ते खायचं. मेलेल्याचं तेवढं मांडायचं नाही. आपल्या लोकांनी यादीचं तेच केलंय. कुणाच्या दारात गेले आणि म्हटलं, तुमचा पोरगा इथं राहत नाही, नाव कमी करू का, की भागूमामासारखा शांत माणूस अंगावर येतो. "माझा पोरगा मेलाय व्हय? नाव कशापायी कमी करतीस?" त्यांना वाटतं पान मांडून ठेवलंय. साहेबाला दिसतं की तीनशे बारा पानं मांडली आणि दोनशेच्या जवळपास माणसं जेवायला आलीच नाहीत.

आणि त्याचा त्रास कुणाला? आपली शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली. त्या शाळेच्या खोलीत आता पाच वर्षांतून तीन-चारदा मतदान होतं, तेवढंच. त्यासाठी का होईना, रस्त्यावर मुरूम पडतो, खोलीत बल्ब लागतो, जीपमधून सरकार वर येतं. साहेब म्हणाले होते, टक्का असाच राहिला तर हे केंद्र ठेवायचं कशाला, याचा विचार करावा लागेल. केंद्र गेलं तर मतदानाला धरणाच्या पाण्यापल्याड जायचं. आई, साळुबाई, भागूमामा, ही माणसं होडीत चढणार आहेत का?

म्हणून मी यादी साफ केली. मेलेले काढले, लग्न होऊन गेलेल्या काढल्या, आणि ज्यांचं नाव दुसरीकडे आहे ते काढले. तुझं भोसरीत आहे, वहिनीचं आहे, अक्षदा अठराची झाली तिचंही तिकडेच आहे. एका माणसाला दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. तुला रीतसर नोटीस पाठवली होती. तू ती वाचली नाहीस आणि नाव गेल्यावर मला शिव्या दिल्यास.

आईला यातलं अजून काही माहीत नाही. तिला मोतीबिंदू सांगितलाय, जुन्नरच्या डॉक्टरनं. हे तुला कळवायचं म्हणून फोन केला होता. ते राहूनच गेलं.

ताई


१ डिसेंबर २०२४

सुनील,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

विधानसभेचं मतदान झालं. आता आपली यादी एकशे नव्वद नावांची. मतं पडली एकशे अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याण्णव टक्के. तालुक्यात वरून पहिले आपण. मला शाल, नारळ आणि एक मोठा फोटो मिळाला. त्यात मी साहेबांच्या शेजारी तोंडात मारल्यासारखी उभी आहे. साहेब भाषणात म्हणाले, एका अंगणवाडीच्या बाईनं दारोदार जाऊन जागृती केली आणि टक्का अडतीसवरून चौऱ्याण्णववर नेला.

कुणाचीही जागृती झालेली नाही. नोव्हेंबरमध्ये भाताची काढणी असते, म्हणून मजुरीची माणसं घरी होती. आणि जी नव्हतीच ती मी खालच्या आकड्यातून काढली होती. ही लोकं मे महिन्यात झोपलेली नव्हती आणि नोव्हेंबरात जागी झाली नाहीत. तरी मी शाल घेतली आणि खाली बसले. चांगली आहे, आईला थंडीत उपयोगी पडली असती.

असती म्हणते, कारण आईनं ती अंगाला लावून घेतली नाही. आता तुला ऐकायचंय ते सांगते. तिला कळलं.

मतदानाच्या दिवशी मी तिला हाताला धरून शाळेत नेलं. आत बसलेल्या पोरानं मोठ्यानं नाव वाचलं, "लंकाबाई सावळेराम केंगले." आई तिथंच उभी राहिली. पुढं सरकेना.

"फुडं वाच की," ती म्हणाली.

"पुढं काय, आजी?"

"माझ्या खाली सुनीलचं नाव अस्तंय. दरवक्ती अस्तंय. त्यो येवो न येवो, तुमी वाचता. मला ऐकू दे."

पोरानं कागद वर-खाली केला. "आजी, तुमच्या खाली प्रतिभाबाई आहेत. सुनील कुणी नाही."

आईनं माझा हात सोडला. तिला दिसत नाही, तरी एकटी चाचपडत मशीनपाशी गेली, मत टाकलं, बाहेर आली. वाटेत एकदाच बोलली. "तूच काढलंस न्हवं?"

"हो. पण आये, त्याचं तिकडं नाव आहे."

"तिकडं काय हाय ते मला सांगू नगं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढून ठेवते, चहा उकळून ठेवते, तोंडातून शब्द नाही. काल घरात नवं झालं. तिनं चाचपडतच पानं मांडली. दोन. एक तिचं आणि एक तुझं. मी चुलीपाशी वाट बघत बसले, मला वाटलं तिसरं विसरली असेल. विसरली नव्हती.

रिवाज सोडायचा नाही म्हणून आज सकाळी तुझं पान मीच खाल्लं. गेली चार वर्षं मीच खातेय, पण आधी पोट भरलेलं असायचं. आज खरंच भूक लागली होती. घरात राहून मी जेवले ती तुझ्या पानावर, सुनील. आता कुणी कुणाला काढलं ते तू ठरव.

प्रतिभा


१७ जून २०२५

आपलं केंद्र गेलं.

टक्का कमी म्हणून नाही. नावं कमी म्हणून. जुने साहेब बदलून गेले, नवे आले. ते म्हणाले, एवढ्याशा नावांसाठी एक मशीन, एवढी माणसं, एक जीप परवडत नाही. छोटी केंद्रं शेजारच्या मोठ्या केंद्राला जोडायची आहेत. आमचं शेजारचं म्हणजे पाण्यापल्याडचं. नकाशावर ते जवळच दिसतं, बोटाच्या पेराएवढं. मधली निळी पट्टी हे पाणी आहे, हे त्यांना मी सांगितलं. "होडी असेल ना?" असं म्हणाले. गेणूची होडी आहे. मासे धरायची.

मी विचारलं, "साहेब, मागच्या वेळी नावं जास्त होती तेव्हा तुम्ही लोकांनीच नोटीस दिली. साफ करा म्हणालात."

"ते टक्क्यासाठी, मॅडम. हे संख्येसाठी. दोन वेगळे विषय आहेत."

मग त्यांनी कॉम्प्युटरवर आणखी एक आकडा काढला. वाडीत अठराच्या वरची माणसं किती असायला हवीत, याचा वरून आलेला अंदाज. तो आपल्या यादीपेक्षा शंभरानं जास्त. म्हणजे शंभर माणसांची नोंदणी मी केलेलीच नाही, त्याचा खुलासा द्या. मी म्हटलं हा अंदाज कुठून आला. तर मागच्या जनगणनेतली माणसं धरायची, त्यांना दरवर्षी थोडीथोडी वाढवत आणायचं. त्या हिशेबात इथून कुणी गेलेलंच नाही. सगळे इथंच आहेत, लग्नं करताहेत, त्यांना पोरं होताहेत, ती पोरं अठराची होताहेत. अंदाजात तुझी अक्षदा गेल्या पावसात इथं भात लावत होती. मला हसू आलं आणि मग एसटी स्टँडवर येऊन रडू आलं. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय.

नावं होती तेव्हा टक्का नव्हता, टक्का आणला तेव्हा नावं नव्हती. मी केलेलं सगळं नियमानं केलं. मी घातलेली कुऱ्हाड आमच्याच केंद्रावर पडली, आणि त्यासाठी मी भाऊ घालवला, आईचं बोलणं घालवलं. शाल तेवढी आहे.

आता आमची मतं पल्याडच्या लोकांच्या मतांत मिसळून मोजली जाणार. आपल्या वाडीचा टक्का यापुढं कुणालाच काढता येणार नाही. साळुबाई म्हणाली, "मी न्हाई बाई त्या होडीत बसायची. माझं मत माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." तिच्यासारख्या वीस-पंचवीस तरी निघतील.

तू खूश असशील. असशील तर तसं तरी लिही. एक ओळ लिही रे.

प्रतिभा केंगले
बीएलओ, बिनकेंद्राची


७ डिसेंबर २०२५

सुनील,

तुझं पाकीट मिळालं. डिंभ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेलं. सव्वा वर्षात तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू, म्हणून मी ते तिथंच, वाटेवरच्या दगडावर बसून फोडलं. आत अकरा अर्ज. भोसरीतून आणि चाकणमधून नावं काढून इकडं, वाडीत आणायचे. वर एक चिठ्ठी: "केंद्र परत आणायचंय. वाडीच्या मुलांनी इकडं मीटिंग घेतली. सही करून ऑफिसात दे." खाली नाव नाही. मी अक्षर ओळखते. तुला बाराखडी मी गिरवायला दिली होती.

आई कशी आहे, डोळ्यांचं काय झालं, एवढंही विचारलं नाहीस. उलटून पाठीमागं बघितलं, तिथंही काही नाही.

पण वाडीत बातमी माझ्या आधी पोचली होती. लोक अंगणात जमले. भागूमामा, ज्यानं मला दारातून हाकललं होतं, तोच म्हणाला, "पोरी, पोरांनी यवढं केलंय. आता तू सही कर, मंजी झालं. तुजं काय जातंय?"

"मामा, ते इथं राहतात असं मी लिहून द्यायचंय. मी. जाऊन, बघून."

"मंग जाऊन बघ की!"

गेणू हसत म्हणाला, "बघायला काय लागतंय राव. घरं हायती, आयबाप हायती. पोरं काय, आत्ता न्हाईत, मंग येत्याल."

आणि आई बोलली. वर्षभरानं. सगळ्यांच्या देखत, ओट्यावर बसून, मी नेमकी कुठं उभी आहे ते न कळून भलत्याच बाजूला तोंड करून. "परतिभा, माझ्या पोराचं नाव माझ्या खाली आन. मंग मी होडीत बसून बी जाईन."

म्हणून मी गेले. नियमाप्रमाणे, अर्ज हातात घेऊन, दहा घरी. प्रत्येक दारात तेच विचारलं, अमुक अमुक इथं राहतो का? प्रत्येक घरातून तेच उत्तर आलं, राहतो. एका घरात त्याची खुंटीवरची पँट दाखवली. एकीनं त्याच्या लहानपणीचा फोटो दाखवला. मी बाहेर येऊन बांधावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा नियम केला. कुणाला वाडीचा धरायचं, याचा माझा अंदाज. वर्षात एकदा तरी येऊन जो आईच्या हातचं खाऊन गेला, तो इथं राहतो. मग तो भोसरीत पंखे बनवो नाहीतर चाकणला गाड्या. भागूमामाचा पोरगा होळीला आला, दारू पिऊन बापाशी भांडला आणि रात्रीच निघून गेला, पण जाताना चुलीवरची भाकरी उचलून नेली. त्यालाही धरला. दहाच्या दहा बसले. दहा अर्जांवर मी लिहिलं, "पत्त्यावर राहतो, खात्री केली," आणि खाली सही केली.

हे खोटं आहे. मला माहीत आहे आणि आता तुलाही माहीत आहे, माझ्या अक्षरात. कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव, माझी नोकरी जाईल. दहा नावांनी केंद्र परत येईल की नाही, तेही मला ठाऊक नाही.

अकरावा अर्ज तुझा. त्यासाठी मी माझ्याच दारात बाहेरून आले. चपला काढल्या नाहीत. ओट्याखाली उभी राहिले आणि सरकारी आवाजात विचारलं, "सुनील सावळेराम केंगले इथं राहतो का?"

आई तांदूळ निवडत होती. दिसत नाही, तरी बोटांनी निवडते. म्हणाली, "ऱ्हातो की."

"शेवटी कधी आला होता?"

हात थांबला. मला वाटलं आता म्हणेल, बाबांच्या दहाव्याला. पाच वर्षं झाली. पण ती म्हणाली, "त्येला काय यायचं? त्यो हितलाच हाय. तू लिव्ह."

मी लिहिलं. "पत्त्यावर आढळला नाही." सगळे अर्ज एकत्र बांधले आणि परवा ऑफिसात देऊन आले.

तू म्हणशील, दहा जणांसाठी खोटं लिहिलं, सख्ख्या भावासाठी नाही लिहिलं. नाही लिहिलं. नियम म्हणूनही नाही. रागानं लिहिलं, आणि लिहिताना बरं वाटलं. पहिल्यांदा तुझं नाव काढलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे तुला कधी कळलंच नाही. या वेळी नाही वाटलं. माझ्या साध्या नियमात, एक घास खाण्याच्या नियमातसुद्धा तू बसला नाहीस.

ऑफिसातून घरी आले तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "क्येलीस का सही?" मी म्हटलं, केली. तिनं माझा चेहरा चाचपला. गालावरून, कपाळावरून हात फिरवला, लहानपणी ताप बघायची तसा. मग उठली आणि नव्याची तयारी केली. या वर्षी तीन पानं मांडली. तिचं, तुझं आणि माझं. माझ्या पानावर तूप जास्त होतं.

तुझं पान रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी मी ते उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन कोंबड्यांना घातलं. सगळा भात. आत आले तर आई म्हणाली, "सुनीलचं पान कुनी खाल्लं?" मी म्हटलं, मी खाल्लं आये, नेहमीसारखं. ती म्हणाली, "बरं झालं. आता त्येचं नाव बी आलं."

दोन्ही तिला खरं वाटतंय. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, आता माझ्या खाली सुनीलचं नाव वाचत्याल. पुढच्या मतदानाला ती गेणूच्या होडीत बसून पल्याड जाणार आहे. तिथं उभी राहून "फुडं वाच" म्हणणार आहे. त्या वेळी तिचा हात कुणाच्या हातात असावा, ते मला सुचत नाही. मी तर तिथं नसेन. मला धीर होणार नाही.

तू ये. नावासाठी नको, रानासाठी नको. ती विचारेल तेव्हा उत्तर द्यायला ये.

ताई